केरेतारो ते ग्वानाह्वातो: आईबाबांना घेऊन गाडीने मेक्सिकोचं पठार (मार्गदर्शन हवंय)

निंबोणी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सप्टेंबरात वर्ध्याहून आमच्याकडे ह्यूस्टनला येताहेत. बाबांनी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा संपला की ते दरवर्षी पुस्तकाबाहेरचा एक तास मेक्सिकोला द्यायचे. दोलोरेस नावाच्या गावात एका पाद्र्याने पहाटे चर्चची घंटा बडवली, गावकरी जमले आणि तीनशे वर्षांची स्पॅनिश सत्ता हादरली, ही गोष्ट. मीही त्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसून ती ऐकलीय. परवा फोनवर सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्याकडून ते दोलोरेस किती लांब गं?" तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी नऊ दिवस मिळताहेत. आम्ही पाच जण: मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, बाबा (६९) आणि आई (६५). आखलंय ते असं. मेक्सिको सिटीला उतरून विमानतळावरच गाडी घ्यायची. मग केरेतारो एक रात्र, सान मिगेल दे अयेंदे एक रात्र, दोलोरेस बघून ग्वानाह्वातो एक रात्र, मोरेलिया एक रात्र, पात्स्क्वारो दोन रात्री (मृतांचा दिवस, म्हणजे गेलेल्यांना आठवायचा सण, तिथे बघायचाय), आणि परत मेक्सिको सिटी.

बाबांचा डावा गुडघा दुखरा आहे. आई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही, आणि घाटात तिला गाडी लागते. व्हिसाचं बघितलं: अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. बाकी सगळं सांगा. आराखडा चुकला असेल तर स्पष्ट सांगा, मी अजून काहीही बुक केलेलं नाही.

घाटवाट

निंबोणी, बुक केलं नाहीत हे उत्तम झालं. मी नोकरीनिमित्त चार वर्षं केरेतारोत होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होतो, त्यामुळे हे सगळे रस्ते रोजच्या वापरातले.

आधी कात्री लावतो, राग मानू नका. मोरेलिया आणि पात्स्क्वारो काढून टाका. मोरेलियाची गुलाबी दगडातली वस्ती आणि पात्स्क्वारोचं तळं दोन्ही फार सुंदर आहेत, पण त्यासाठी नऊ दिवसांतले तीन प्रवासात जातील. शिवाय मिचोआकान राज्याबद्दल अमेरिकी सरकारचा इशारा बरीच वर्षं सगळ्यात वरच्या पायरीचा आहे, म्हणजे सरळ "जाऊ नका". एकटा असतो तर मी कदाचित वेगळा विचार केला असता. सत्तरीला आलेले वडील आणि लहान मूल बरोबर असताना नाही.

दुसरं, मेक्सिको सिटीत गाडी घेऊ नका. त्या शहरातून बाहेर पडायलाच दोन तास लागू शकतात. वर प्रदूषणामुळे नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून आठवड्यातला एक दिवस गाडी रस्त्यावर आणायला बंदी, असे नियम आहेत. तुम्हाला ह्यूस्टनहून केरेतारोला थेट विमान मिळेल. परतताना लेओन-बाहीओ विमानतळावरून निघा. तो सिलाओजवळ आहे, ग्वानाह्वातोहून अर्ध्या-पाऊण तासावर. गाडी केरेतारोत घेऊन तिथे सोडायची. दुसऱ्या गावी सोडण्याचे थोडे जास्त पैसे पडतील, पण अख्खा एक दिवस वाचतो.

राजधानी पूर्ण वगळली तरी चालेल. तुमच्या बाबांचा इतिहास इकडेच आहे.

शाईदौत

घाटवाटदादांना अनुमोदन. फक्त थांब्यांचा क्रम ठरवण्याआधी हे वाचा, कारण वडील इतिहासाचे शिक्षक आहेत.

१८१० साली बंडाची खलबतं केरेतारोत चालायची, साहित्य-मंडळाच्या नावाखाली. गावच्या कोरेहिदोरची, म्हणजे मुख्य अधिकाऱ्याची बायको होसेफा ओर्तीस दे दोमिंगेस त्यात सामील होती. कट फुटल्याचं कळताच नवऱ्याने तिला घरात कोंडलं. परंपरा असं सांगते, की तिने जमिनीवर टाचा आपटून खालच्या मजल्यावरच्या तुरुंगाधिकाऱ्याला, इग्नासिओ पेरेसला बोलावलं आणि दारातूनच निरोप दिला. तो घोड्यावरून सान मिगेलला गेला. कटातला अयेंदे घरी नव्हता, त्याचा साथीदार आल्दामा भेटला. मग दोघांनी दोलोरेस गाठलं आणि मिगेल इदाल्गो या पाद्र्याला मध्यरात्रीनंतर उठवलं. १६ सप्टेंबरची पहाट, रविवार. बाजारासाठी आणि प्रार्थनेसाठी लोक गावात येणारच होते. तुमच्या बाबांची घंटा ती.

म्हणजे केरेतारो–सान मिगेल–दोलोरेस हा तुमचा रस्ता त्या निरोपाचाच रस्ता आहे. आणि दोलोरेसहून इदाल्गोचा जमाव आधी आतोतोनील्कोला आला. तिथल्या देवळातून त्याने ग्वादालुपेच्या मेरीमातेचं चित्र उचललं, तेच बंडाचं निशाण झालं. मग सान मिगेल आणि २८ सप्टेंबरला ग्वानाह्वातो. तेव्हा सान मिगेलला दोन रात्री मुक्काम टाका. मधल्या दिवशी सकाळी सरळ दोलोरेस, येताना आतोतोनील्को, संध्याकाळी परत. जाताना निरोप्याची वाट, येताना फौजेची. दोलोरेस चाळीसेक किलोमीटर आहे आणि आतोतोनील्को त्याच वाटेवर, सान मिगेलपासून पंधरा किलोमीटरच्या आत.

केरेतारोत ते घर चौकातच आहे, आता तिथे राज्य सरकारचं कार्यालय आहे. त्याच गावात १८६७ मध्ये मेक्सिकोचा सम्राट मॅक्सिमिलियन याला गोळ्या घातल्या आणि १९१७ ची राज्यघटना मंजूर झाली. एका दिवसात हे सगळं पायी होत नाही, दोन दिवस द्या.

सातपुडा

मला एक कळत नाही. मिचोआकान नको म्हणता आणि ग्वानाह्वातो राज्यात पाठवता? बातम्या वाचल्या तर खुनांच्या आकड्यात ग्वानाह्वातोचंच नाव वर असतं. लहान मूल आहे, म्हातारी माणसं आहेत. निंबोणीताई, मेक्सिकोच बघायचा तर युकातान बघा. तिकडे माया लोकांची देवळं आहेत आणि रस्तेही सरळ आहेत.

घाटवाट

सातपुडा, तुमची काळजी खरी आहे, म्हणून नीट लिहितो.

ग्वानाह्वातो नावाचं राज्य आहे आणि त्याच नावाचं शहर आहे. बातम्यांतला हिंसाचार बराचसा राज्याच्या दक्षिणेकडच्या कारखानदारी पट्ट्यातला: सेलाया, सालामांका, इराप्वातो. सालामांकाला तेलशुद्धीकरण कारखाना आहे. त्याच्या पाइपलाइनींना भोकं पाडून इंधन चोरणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांची मोठ्या टोळ्यांशी जुंपली. सान मिगेल आणि ग्वानाह्वातो शहर या पट्ट्याच्या उत्तरेला, डोंगरात आहेत. तरीही अमेरिकेचा इशारा पूर्ण राज्याला लागू आहे: "प्रवासाचा पुनर्विचार करा". निघायच्या आठवड्यात तो पुन्हा वाचा, आणि बदलला असेल तर सहल रद्द करायची तयारी ठेवा. परत मिळणारी बुकिंगं घ्या. हे मी सौम्य करून सांगणार नाही.

मी चार वर्षं पाळलेले नियम सांगतो. सूर्य मावळायच्या आत मुक्कामी. शक्य तिथे टोलचा रस्ता, म्हणजे "क्वोता". फुकटचा तो "लिब्रे". पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं. सेलायाची काहेता (बकरीच्या दुधाची आटवलेली, आपल्या बासुंदीच्या पुढची पायरी) आणि इराप्वातोची स्ट्रॉबेरी खायला त्या गावांत थांबायचं नाही, दोन्ही ग्वानाह्वातोच्या बाजारात मिळतात. युकातान सुंदर आहे, पण दोलोरेसची घंटा तिथे नाही. बाबा कशासाठी जाताहेत ते विसरून चालणार नाही.

बोरकूट

आम्ही गेल्या वर्षी सासूसासऱ्यांना घेऊन हाच भाग केला. गाडीबद्दल माझ्याकडून ऐका, आम्हाला चटका बसलाय.

वेबसाइटवर दिवसाला बारा डॉलर दिसले, खुशीत बुक केली. काउंटरवर गेल्यावर दिवसाला पन्नासच्या पुढे. मेक्सिकोत समोरच्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि तो त्या बारा डॉलरमध्ये धरलेला नव्हता. अमेरिकेतला गाडीचा विमा तिथे चालत नाही. क्रेडिट कार्डाचा विमा फार तर भाड्याच्या गाडीच्या नुकसानीचा असतो, समोरच्याचा नाही. तासभर वाद घातला. सासरे बिचारे बॅगांवर बसून होते. तेव्हा बुक करतानाच विम्यासकट पूर्ण रक्कम लेखी मागा. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, काचा, रिमा आणि छताचा व्हिडिओ काढा.

पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो. आधी मीटर शून्यावर आहे का बघायचं. ते लोक स्वतःच "सेरो" म्हणून दाखवतात. हिरवी नळी साधं, लाल नळी प्रीमियम. पाच-दहा पेसो हातावर ठेवायचे. टोलला रोख पेसो तयार ठेवा.

आणि टोपे! टोपे म्हणजे गतिरोधक. आपल्याकडच्याला लाजवतील असे. गावाची पाटी गेली की आलाच समजा. झाडाची सावली पडली असेल तर अजिबात दिसत नाही. आम्ही एकावरून चाळीसच्या वेगाने उडालो, तेव्हा मागच्या सीटवरचा खाकऱ्यांचा डबा उघडून सगळीकडे खाकरे. रस्त्याकडेला भाजलेली कणसं किंवा सोललेली फळं घेऊन बाई उभी दिसली की वेग कमी करा, ती टोप्याशीच उभी असते. गाड्या तिथेच मंदावतात ना.

महामार्गावर गाडी बंद पडली तर ०७८ फिरवा. सरकारच्या हिरव्या गाड्या गस्तीला असतात, "आंखेलेस वेर्देस" म्हणजे हिरवे देवदूत. मदतीचे पैसे घेत नाहीत, फक्त सुट्या भागांचे द्यावे लागतात.

निंबोणी

सगळ्यांचे मनापासून आभार. मोरेलिया-पात्स्क्वारो काढलं. नवऱ्याने सुस्कारा सोडला, त्याला ते आधीपासूनच जड वाटत होतं.

आता एक अडचण. दोलोरेसहून ग्वानाह्वातोला सांता रोसाच्या डोंगरातून जाणारा रस्ता फार देखणा असल्याचं वाचलं. शाईदौत यांच्या क्रमाने गेलं तर तो सुटतो. पण आईला आंबेनळी घाटातसुद्धा दोनदा थांबायला लागतं. काय करू?

घाटवाट

सुटू द्या. सान मिगेलहून ग्वानाह्वातोला थेट रस्ता आहे, दीड तास, फारशी वळणं नाहीत. सांता रोसाचा रस्ता ओकच्या जंगलातून अडीच हजार मीटरच्या आसपास चढतो आणि पलीकडे वळणावळणांनी ग्वानाह्वातोत उतरतो. फारच वाटलं तर ग्वानाह्वातोहून अर्ध्या तासावर सांता रोसा गाव आहे, तिथपर्यंत तुम्ही दोघं मुलाला घेऊन जाऊन या. हाताने रंगवलेली चिनी मातीची भांडी बनतात तिथे.

उंचीचंही लक्षात असू द्या. ग्वानाह्वातो शहर साधारण दोन हजार मीटरवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६. म्हणजे तिथला बाजारसुद्धा कळसूबाईच्या वर भरतो. पहिले दोन दिवस चढावर दम लागेल, बाबांना घाई करू देऊ नका. दुपारी ऊन चटका देतं आणि रात्री स्वेटर लागतो.

ओलीहळद

आईंच्या जेवणाचं मी घेते. मी सहा वर्षं मेक्सिकोत काढली, तीही शाकाहारी राहून.

"कार्ने नको" एवढंच म्हणू नका. कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी मोठं मांस, मग कोंबडी घालून आणतात आणि त्यांना त्यात काही चूक वाटत नाही. पूर्ण म्हणायचं: "नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी वेवो." मांस, कोंबडी, मासा, अंडं काहीच नाही. मग दोन छुपे प्रश्न. घेवड्याची उसळ, म्हणजे फ्रिहोलेस, बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात. "सिन मान्तेका?" असं विचारा. आणि तांबडा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. "काल्दो दे पोयो" आहे का विचारा. लाजू नका, ते लोक मनापासून उत्तर देतात.

आता खायचं काय. भोपळ्याची फुलं आणि चीज घातलेली केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली भाकरी. पोब्लानो मिरचीच्या पट्ट्या दुधाच्या सायीत, त्याला राहास म्हणतात. नोपाल म्हणजे निवडुंगाची भाजी, काटे काढून, थोडी भेंडीसारखी बुळबुळीत, आंबट. बाजारात हिकामा (एक रसाळ कंद), काकडी, आंबा कापून वर लिंबू-तिखट-मीठ, अगदी चौपाटीवर उभं राहिल्यासारखं. सरबतं तर विचारूच नका. जास्वंदीसारखी दिसणारी लाल अंबाडी असते ना, तिच्या बोंडांचं "हामाइका", आणि चिंचेचं "तामारिंदो". आणि उपासाला आईंना राजगिऱ्याची वडी हवी असेल तर रस्त्यावर "आलेग्रिया" मागा. राजगिरा मूळचा त्यांचा. लाह्या करून गुळात किंवा मधात बांधतात, वर भोपळ्याच्या बिया. तोंडात टाकली की डोळे मिटून तुम्ही श्रावणातल्या एकादशीला आहात.

मक्याची भाकरी बघायला आईंना एखाद्या तोर्तिया करणाऱ्या बाईच्या शेजारी उभं करा. मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळतात, साल सुटतं, मग दळतात. त्यानेच ते पीठ लाटताना तुटत नाही आणि अंगी लागतं. माझी आई पंधरा मिनिटं उभी होती. शेवटी त्या बाईने तिच्या हातात गोळा दिला. आईने थापून दिली, आणि ती मोठी, पातळ, अगदी गोल भाकरी बघून शेजारच्या दोघी उठून आल्या.

संत्रीबाग

धागा उशिरा बघतोय. निंबोणी, तुम्ही वर्ध्याच्या आहात आणि अजून कोणी पांडुरंग सदाशिव खानखोज्यांचं नाव घेतलं नाही?

वर्ध्याचा माणूस. इंग्रज सरकारविरुद्धच्या गदर चळवळीतला अगदी सुरुवातीपासूनचा. मायदेशी परतायची वाट बंद झाली आणि १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोहोचला. राजधानीजवळ चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी शाळेत शिकवू लागला, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा उभ्या केल्या. त्या काळी मोठा चित्रकार दिएगो रिव्हेरा मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंती रंगवत होता. तिथल्या "आमची भाकरी" नावाच्या चित्रात मेजाच्या मध्यभागी बसून पाव मोडणारा माणूस म्हणजे खानखोजे, असं सांगतात. १९६७ मध्ये नागपुरात वारले. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

ती इमारत राजधानीच्या जुन्या भागात, मुख्य चौकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. वर्ध्याचा इतिहासशिक्षक मेक्सिकोला जाऊन ती भिंत न बघता परत आला तर मला वाईट वाटेल. घाटवाटदादा, राजधानी वगळू नका.

शाईदौत

संत्रीबाग, शंभर टक्के. आणि अजून एक कारण. दोलोरेसची मूळ घंटा दोलोरेसला नाहीच! १८९६ साली ती मेक्सिको सिटीला नेऊन राष्ट्रीय राजवाड्याच्या मधल्या सज्जावर टांगली. दरवर्षी १५ सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष तीच वाजवतात. दोलोरेसच्या चर्चमध्ये आहे ती प्रतिकृती. बाबांना आधी खरी घंटा दाखवा, मग ती जिथे वाजली ती जागा.

घाटवाट

मी माझा शब्द मागे घेतो. खानखोज्यांचं मला माहीत नव्हतं, चार वर्षं तिथे राहून.

तर असं करा. मेक्सिको सिटीत दोन रात्री, मुख्य चौकाजवळ, गाडीशिवाय. मग विमानतळावरूनच केरेतारोची थेट बस मिळते, तीन-साडेतीन तास, आरामाच्या खुर्च्या असतात. गाडी केरेतारोत घ्या. केरेतारो दोन, सान मिगेल दोन, ग्वानाह्वातो दोन. आठ रात्री, नऊ दिवस, आणि चाकामागे एका वेळी दीड तासापेक्षा जास्त कधीच नाही. सोमवारी बहुतेक सरकारी संग्रहालयं बंद असतात, तेवढं बघून दिवस लावा.

केरेतारोत जलसेतू आहे, ७४ कमानींचा, १७२६ ते १७३८ मध्ये बांधलेला. बाबांना सांगा, तिकडे या कमानी चढत होत्या तेव्हा इकडे पुण्यात शनिवारवाडा उभा राहत होता. सान मिगेलला गोटे बसवलेल्या उतरत्या गल्ल्या आहेत. गुडघ्यासाठी रबरी तळव्याचे बूट आणि काठी हवीच, बाबा ती आता नको म्हणत असतील तरी.

ग्वानाह्वातोत गाडी घेऊन आत शिरायचं तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. गाव एका घळीत आहे आणि वाहतूक पोटातल्या बोगद्यांतून चालते. खालून नदी वाहायची, पुराने गाव बुडायचं म्हणून ती वळवली आणि विसाव्या शतकाच्या मध्यात तिच्या कोरड्या पात्रातून रस्ता काढला. दगडी कमानी, मधेच चौक, मधेच एक जिना वर उजेडात गेलेला. फोनवरचा नकाशा तिथे गप्प होतो. हॉटेलवाल्याकडून कोणत्या बोगद्याने यायचं ते लिहून घ्या, वाहनतळ असलेलंच हॉटेल घ्या, आणि गाडी लावली की निघायच्या दिवसापर्यंत किल्ली पिशवीत. पीपिला या बंडातल्या वीराच्या पुतळ्याकडे चढायला पायऱ्या आहेत, पण हुआरेस नाट्यगृहामागून तारेने ओढली जाणारी रुळांवरची गाडी वर जाते. बाबा त्यानेच जातील.

परडी

माझं छोटंसं. तुमचा शेवट ३१ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबरच्या आसपास येतोय, म्हणजे पात्स्क्वारो सुटलं तरी मृतांचा दिवस सुटत नाही. ग्वानाह्वातोत घराघरांत, दुकानांत, चौकांत वेदी मांडतात. गेलेल्या माणसाचा फोटो, पाणी, मीठ, पाव, त्याचा आवडीचा पदार्थ. आणि सगळीकडे झेंडू. आपल्या दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. नाहुआत्ल या तिथल्या जुन्या भाषेत त्याचं नाव सेम्पोआल्शोचित्ल, म्हणजे वीस फूल, फार पाकळ्यांचं. ते लोक विसाविसाने मोजायचे, जसं आपल्या आज्या "तीन विसा आणि पाच" म्हणायच्या. बाजारात ढीग दिसले की आईंना एक जुडी घेऊ द्या.

निंबोणी

सगळं बुक झालं, घाटवाटदादांच्या क्रमाने. बाबांना खानखोज्यांचं सांगितलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांच्या नावाचा रस्ता होता का गं वर्ध्यात? आठवून बघतो." दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन आले.

निंबोणी (१३ नोव्हेंबर)

परत आलो. सगळे सुखरूप. ज्यांनी लिहिलं त्या प्रत्येकाला सांगायचंय.

भिंतीसमोर बाबा उभे राहिले ते चाळीस मिनिटं. त्यांनी शर्टाच्या खिशातून वहीचं पान काढलं, खानखोज्यांच्या तारखा लिहून आणल्या होत्या, आणि नातवाला मराठीत धडा दिला. शेजारी शाळेची सहल होती. त्यांच्या बाईंनी मला विचारलं, हे काय सांगताहेत? मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की मेजावरचा तो माणूस आमच्या गावचा. त्यांनी मुलांना थांबवलं आणि चित्राकडे बोट दाखवून तेच सांगितलं.

बोरकूट, विम्याची रक्कम लेखी मागितली होती, काउंटरवर एक पेसोही जास्त लागला नाही. टोप्यावरून एकदाच उडालो. ओलीहळद, आईला राजगिऱ्याची वडी इतकी आवडली की तेरा पाकिटं आणलीत. राहासही आवडले. नोपाल अजिबात नाही. आतोतोनील्कोत छतापासून जमिनीपर्यंत चितारलेल्या भिंती बघून आई म्हणाली, हे सावकाश बघायचं असतं, आणि बाकावर बसली. बाहेर तपाला बसणाऱ्यांसाठी दोरखंडाचे चाबूक आणि काट्यांचे मुकुट विकायला होते, मुलाने त्यावर दोन दिवस प्रश्न विचारले. दोलोरेसच्या चौकात त्याने मक्याचं आइस्क्रीम खाल्लं, मग चिंचेचं, मग गुलाबाचं.

दोलोरेसला चर्चच्या पायऱ्यांवर बाबा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं होतं तिथे त्यांना भरून येईल. ते आलं ग्वानाह्वातोत, अलोंदिगाला. धान्याचं कोठार ते, स्पॅनिश लोक आपल्या चांदीसकट आत कोंडून बसलेले. पीपिला नावाच्या खाणकामगाराने पाठीवर दगडी फरशी बांधून, गोळ्या झेलत दारापर्यंत सरपटत जाऊन दार पेटवलं, असं सांगतात. हे सगळं बाबांना पाठ होतं. पण पुढच्या वर्षी इदाल्गो, अयेंदे, आल्दामा आणि हिमेनेस पकडले गेले, त्यांची डोकी याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर पिंजऱ्यांत टांगली आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत, १८२१ पर्यंत, दहा वर्षं ती तिथेच होती, हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "नववीच्या पोरांना काय सांगायचं."

कोपऱ्यांवर ती चार नावं कोरलेली आहेत. गल्ली उताराची आहे, गुडघा दुखत होता, तरी काठी टेकत पूर्ण फेरी मारायची म्हणाले. प्रत्येक कोपऱ्याखाली थांबून नाव मोठ्याने वाचलं. आईने आदल्या दिवशी घेतलेल्या जुडीतली झेंडूची फुलं तिच्या पिशवीत होती. तिने न विचारता एकेक काढून त्यांच्या हातात दिलं. चौथ्या कोपऱ्यावर फूल ठेवायला कट्टा नव्हता, म्हणून नातवाने ते भिंतीच्या दगडांमधल्या फटीत खोचलं.

सातपुडा

निंबोणीताई, वाचलं. मीच युकातान म्हणालो होतो. पुढच्या वर्षी माझ्या वडिलांना पंच्याहत्तर पूर्ण होताहेत. तुमच्या हॉटेलवाल्याने बोगद्यांचा रस्ता लिहून दिला असेल, तो कागद असेल तर फोटो टाकाल का?

निंबोणी

आहे. बाबांनी वहीत चिकटवलाय. उद्या टाकते.